पहिल्या वाफ्याचं बियाणं

सिडनीच्या पश्चिमेला पॅरामाटाला लागून हॅरिस पार्क आहे. विग्रम स्ट्रीटवर डोसा, चाट आणि मिठाईची दुकानं ओळीनं लागतात, दिवाळीत फुटपाथवरून चालायला जागा नसते. २०२३ साली भारताच्या पंतप्रधानांच्या भेटीत इथल्या ‘लिटल इंडिया’ प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचं अनावरण झालं. या गर्दीपासून काही मिनिटांच्या अंतरावर रूस स्ट्रीट नावाची शांत गल्ली आहे आणि तिच्यात रुंद ओसरीचं एक जुनं बैठं घर आहे, एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज. घर १८३५ च्या सुमाराला जॉन हॅरिस या सर्जननं बांधलं. पण ही जमीन त्याच्याही आधी जेम्स रूस या माणसाची होती. ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा भाजीपाला लावणाऱ्या कुणालाही मी आधी या घराची गोष्ट सांगेन, कारण या वसाहतीतला पहिला मळा फसला तो बियाण्यापायी.

१७८८ च्या जानेवारीत इंग्रजांचा अकरा जहाजांचा तांडा सिडनीला लागला. बी-बियाणं त्यांनी वाटेत रिओ द जानेरो आणि केप टाऊनला घेतलं होतं. महिनोन्‌महिने जहाजाच्या पोटात, विषुववृत्ताच्या उष्म्यात राहून गहू तापला, त्याला किडे लागले. आज जिथं सिडनीचं रॉयल बोटॅनिक गार्डन आहे, त्या फार्म कोव्हच्या काठावर सरकारी शेत केलं. जमीन वाळूच्या खडकाची, हलकी. पेरणाऱ्यांना ऋतूंचा अंदाज नाही, कारण त्यांच्या डोक्यात युरोपचं पंचांग. बरंचसं बी उगवलंच नाही आणि उगवलं ते धरलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर आर्थर फिलिप यांना ‘सिरियस’ जहाज पीठ आणि बियाणं आणायला पुन्हा केप टाऊनला धाडावं लागलं. नोव्हेंबरात वस्ती आत रोझ हिलला, म्हणजे आजच्या पॅरामाटाकडे सरकली. तिथली माती शेलच्या खडकाची, जास्त कसदार. पुढच्या वर्षी तिथं गव्हाचं पीक हाती लागलं, तेव्हा लोक अर्धपोटी असूनही ते खाण्यासाठी न वापरता बियाण्यासाठी राखून ठेवलं. उपाशी माणसांनी इथल्या मातीत पिकलेलं बी असं जपलं, याचं मला फार मोल वाटतं.

रूस हा कॉर्नवॉलचा, शिक्षा भोगायला आलेला कैदी. १७८९ च्या नोव्हेंबरात फिलिपनी त्याला दीड एकर तोडलेली जमीन आणि एक खोपटं दिलं. एकटं कुटुंब स्वतःच्या कष्टावर इथं पोट भरू शकतं का, हे त्यांना पाहायचं होतं. १७९१ च्या फेब्रुवारीत रूसनं कळवलं की आता सरकारी शिधा नको. पुढे त्याला ३० एकरांचा पट्टा मिळाला, तो या वसाहतीतला पहिला जमीनपट्टा मानतात. आपण काय केलं हे त्यानं वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याला सांगितलं आणि टेंचनं १७९३ च्या पुस्तकात ते नोंदवलं. पाडलेली लाकडं जाळून राख मातीत घातली. जमेल तेवढीच जमीन एका दिवसात खणली, पण सरकारी शेतासारखी वरवर खरवडली नाही. ढेकळं फोडली, गवत आणि तण मातीत गाडलं, जमीन उन्हावाऱ्याला तशीच पडू दिली आणि पेरायच्या तोंडावर पुन्हा उलटली. कोकणात किंवा मावळात ज्यानं राब भाजलेला पाहिला आहे, त्याला यात परकं काही वाटणार नाही.

ही जमीन ओसाड मात्र नव्हती. ती बरामाटागल लोकांची होती. पॅरामाटा हे नाव त्यांच्यावरूनच आलं. इथं काय उगवतं, कधी खणायचं, हे त्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. नव्यानं आलेल्यांनी त्यांना विचारलं असतं तर पहिली दोन वर्षं इतकी उपासमारीची गेली नसती.

आज पुण्या-नागपुराहून, ठाण्या-साताऱ्याहून येऊन सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थला घर घेतलेल्या मराठी कुटुंबापुढे तोच प्रश्न लहान आकारात येतो. मागं चार हात अंगण असतं, हौस असते आणि पेरायचं काय हे ठरत नसतं. मग बी जिभेनं निवडलं जातं. भेंडी, कोथिंबीर, वांगी, मेथी, दुधी, गवार, सगळं एकदम. दोन महिन्यांनी निम्मा वाफा रिकामा दिसतो आणि ‘आपल्या हाताला यश नाही’ अशी समजूत होऊन फावडं कायमचं गॅरेजमध्ये जातं. दोष हाताचा नसतो. पहिल्या वर्षीचं बी त्या मातीची त्या आठवड्यातली ऊब पाहून निवडावं लागतं. पानात काय हवं याचा विचार दुसऱ्या वर्षी.

ऊब म्हणजे काय, हे घटस्थापनेत कळतं. मराठी घरात पेरणीचा पहिला अनुभव बहुधा घटाचाच असतो. टोपलीत माती, वर धान्य, रोज पाण्याचा शिडकावा, नवव्या दिवशी वीतभर पिवळसर रोपं. ऑस्ट्रेलियात नवरात्र वसंताच्या सुरुवातीला येतं. इथला वसंत १ सप्टेंबरला सुरू होतो. मेलबर्नला तेव्हा रात्री अजून गारठा असतो, पण देवघर असलेली खोली हीटरनं उबदार, म्हणून घट जोमानं वर येतो. तो पाहून त्याच आठवड्यात अंगणात फरसबी टोचली तर बी मातीत कुजतं. फरसबीला साधारण १६ अंश ऊब लागते, भेंडीला २० च्या वर, तीही रात्री टिकणारी. वाटाणा आणि मुळा त्याहून गार मातीतही उगवतात. दहा-पंधरा डॉलरचा मातीत खुपसायचा थर्मामीटर घ्यावा. सकाळी नऊच्या सुमाराला पाच सेंटीमीटर खोल धरावा आणि सलग तीन-चार दिवसांचा आकडा पाहून पुडी फोडावी.

ऋतूइतकीच फसवणारी गोष्ट सूर्याची. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, इथं तो वर्षभर उत्तरेकडून येतो. घराच्या दक्षिणेला, त्याच्या सावलीत केलेला वाफा हिवाळ्यात दिवसभर ओला आणि गार राहतो. तेव्हा वाफा उत्तरेला मोकळा हवा, निदान सहा तास थेट ऊन हवं आणि वेलांचा मांडव वाफ्याच्या दक्षिण टोकाला, म्हणजे त्याची सावली बाकीच्या रोपांवर पडणार नाही. ही एक गोष्ट नीट जमली तरी निम्मं काम होतं.

आता बियाणं आणायचं कुठून, हा नाजूक प्रश्न. आई-वडील पहिल्यांदा यायचे असले की फोनवरचं बोलणं बहुतेक घरांत असं होतं:

“आई, बिया आणू नकोस हं.”

“अगं, चार तर आहेत. परसातल्या दुधीच्या. कागदात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते.”

“चार असोत नाही तर चाळीस. विमानात कार्ड देतात, त्यावर विचारलेलं असतं. खोटं लिहिलं तर दंड.”

“बियांना कसला आलाय दंड?”

आईचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे बी हे देण्याघेण्याचं वाण आहे. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीबरोबर घरच्या वालाची, दोडक्याची पुडी जाते. म्हणून त्या नियमामागचं कारण तिला नीट सांगायला हवं, नुसता धाक घालून भागत नाही.

२०१४ च्या सप्टेंबरात नॉर्दर्न टेरिटरीत कॅथरीनजवळच्या कलिंगडाच्या शेतांत एक विषाणू सापडला. काकडीवर्गातल्या पिकांवर तो हिरवे-पिवळे डाग पाडतो, फळ आतून खराब करतो. ऑस्ट्रेलियात तो आधी नव्हता. दुधी, काकडी, भोपळा, कलिंगड या सगळ्यांवर तो येतो आणि बियांतून पसरतो. बी पाहून काही कळत नाही, ते टपोरं आणि निरोगीच दिसतं. त्या भागातल्या कलिंगडवाल्यांना उभं पीक नष्ट करावं लागलं, जमीन पड ठेवावी लागली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ॲडलेडच्या उत्तरेला टोमॅटोच्या काचघरांत असाच बियांतून जाणारा दुसरा विषाणू निघाला. पर्सच्या कप्प्यातल्या चार बिया एवढा घोळ घालू शकतात.

दुसरा शत्रू आपल्या ओळखीचा आहे, खपरा भुंगेरा. गहू, तांदूळ, डाळी, मसाले, काहीही त्याला चालतं. त्याच्या अळ्या फटीत दडून अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरतात. तो मूळचा भारतीय उपखंडाकडचा मानला जातो आणि ऑस्ट्रेलियात अजून रुजलेला नाही. २००७ साली पर्थमध्ये स्कॉटलंडहून आलेल्या एका कुटुंबाच्या घरसामानात तो निघाला, तेव्हा बराच खर्च करून त्याचा नायनाट करावा लागला. २०२० मध्ये आयात मालात तो पुन्हा आढळल्यावर नियम कडक झाले. आता तांदूळ, हरभरा, मूग, मसूर, तूर, चवळी, जिरं, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या, भोपळावर्गातल्या बिया असे जिन्नस प्रवाशाच्या सामानातून किंवा टपालानं आणता येत नाहीत. २०१५ चा जैवसुरक्षा कायदा याच्या पाठीशी आहे. लपवलं तर हजारो डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पर्यटक व्हिसा रद्द होऊ शकतो. चुकून आलंच असेल तर कार्डावर ‘हो’ लिहून अधिकाऱ्याला दाखवावं. तो ते काढून घेईल, पण खरं लिहिणाऱ्याला त्यासाठी दंड होत नाही. आणखी एक वाट लोक धरतात, ती म्हणजे भारतीय किराणा दुकानातले धणे-मेथी पेरण्याची. खाण्यासाठी आत आलेलं धान्य पेरणीसाठी नसतं, आयातीच्या अटीतच तसं असतं. शिवाय त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, उगवण किती आहे, हे कुणी सांगत नाही. हा कायदा मला योग्य वाटतो. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मराठी माणसाला तर तो लवकर पटावा.

आणि खरं सांगायचं तर पुडी आणायची गरजही उरलेली नाही. आपल्या बहुतेक भाज्यांचं बी इथं मिळतं, फक्त वेगळ्या नावांनी. दुधी काही बियाणेवाल्यांकडे ‘न्यू गिनी बीन’ म्हणून असतो. चवळीच्या हातभर शेंगा म्हणजे ‘स्नेक बीन’. लाल माठ ‘ॲमरँथ’ असतो, अंबाडीचा भाऊबंद ‘रोझेला’, ज्याच्या बोंडांचा मुरंबा क्वीन्सलंडच्या जुन्या घरांत हमखास असतो. मेथी हिरवळीच्या खताचं बी म्हणून विकतात. वालाची कूळकथा याहून लांबची आहे. क्वीन्सलंडमध्ये गुरांच्या चाऱ्यासाठी वाल पेरतात आणि त्यांचा ‘हायवर्थ’ हा वाण मूळ दक्षिण भारतातून आला.

बियाणेवाल्यांचीही इथं मोठी परंपरा आहे. आर्थर येट्सनं १८८३ साली ऑकलंडला आणि १८८७ साली सिडनीला बियाण्याचं दुकान घातलं. त्याच्या कंपनीची बागकामाची मार्गदर्शिका १८९५ पासून निघते आहे. बनिंग्ज या हार्डवेअर दुकानांच्या मांडणीवर त्यांच्या पुड्या सगळ्यांत आधी दिसतात. १९७८ साली क्लाइव्ह ब्लेझी यांनी डिगर्स क्लब काढला. मेलबर्नपासून तासाभरावर ड्रोमानाला त्यांची हेरन्सवूड ही बाग आहे आणि जुने, सरळ वाण जपणं हे त्यांचं काम. क्वीन्सलंडची ईडन सीड्सही त्याच वाटेवरची. टपालानं मागवताना एक लक्षात ठेवायचं, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि तास्मानियाचे स्वतःचे निर्बंध आहेत, प्रत्येक बी तिथं पाठवता येत नाही.

पुडी हातात घेतली की चित्राकडे पाहू नये, मागची बाजू वाचावी. तिथं ऑस्ट्रेलियाचा छोटा नकाशा असतो, उष्ण, समशीतोष्ण आणि थंड पट्ट्यांचा. आपलं गाव कोणत्या पट्ट्यात आहे ते पाहून महिने वाचायचे. मग तारीख. कांद्याचं बी वर्षभरात थकतं, टोमॅटो-काकडीचं चार-पाच वर्षं टिकतं. खोली साधारण बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. ‘एफ वन’ लिहिलं असेल तर ते संकरित, त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. शंका असेल तर आपल्या कृषी विभागानं सोयाबीनसाठी गावोगाव शिकवलेली गोणपाटाची उगवणचाचणी इथंही करता येते. ओल्या पेपर टॉवेलवर दहा बिया गुंडाळाव्या, उबेला ठेवाव्या आणि आठवड्यानं मोजावं. सात फुटल्या तर बी चांगलं.

आता सोपं बी कोणतं? माझ्या मते ज्याचं बी बोटांत धरता येतं, जे थेट जागेवर पेरता येतं, आठवडा-दहा दिवसांत वर दिसतं आणि दोन महिन्यांच्या आत ताटात येतं, ते सोपं. या कसाला सगळ्यांत आधी उतरते बुटकी फरसबी. मांडव नको, खत फार नको. आदल्या संध्याकाळी वाफा भरपूर भिजवायचा, सकाळी अडीच-तीन सेंटीमीटर खोल, वीत-वीत अंतरावर एकेक दाणा टोचायचा आणि मग कोंब दिसेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. नवखा माणूस इथंच घाई करतो, रोज पाणी घालतो आणि दाणा फुगून सडतो. आठ-दहा दिवसांनी मातीला भेग पडते. त्या भेगेतून आधी देठाचा बाक वर येतो, डोकं अजून मातीतच असतं. उन्हं वर आली की तो बाक सरळ व्हायला लागतो आणि दाण्याच्या दोन जाड पाकळ्या मातीचं ढेकूळ बाजूला सारत बाहेर निघतात. त्या पाकळ्यांमधून पहिली खरी पानं उघडतात. मुलांना हे दाखवावं, दहा मिनिटं तिथंच बसवून. आठव्या आठवड्यापासून शेंगा लागतात आणि जितक्या कोवळ्या तोडाल तितक्या नव्या येतात.

मुळा दुसरा. लहान गोल लाल मुळा चार ते सहा आठवड्यांत तयार होतो. आपला लांब पांढरा मुळा शरदात, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलात पेरलेला बरा. मराठी घराला मुळा कधीच वाया जात नाही. पाल्याची भाजी होते, आणि ऊन वाढून मुळा फुलावर गेला तर डिंगऱ्या लागतात. इथले शेजारी फुललेला मुळा उपटून टाकतात, त्यांना डिंगऱ्यांची परतलेली भाजी एकदा खाऊ घालायला हवी.

पालेभाजीत सिल्व्हरबीट. ऑस्ट्रेलियन परसातली ही जुनी भाजी, आपल्या पालकासारखी करता येते. बाहेरची पानं तोडत राहिलं तर महिनोन्‌महिने चालते. तिचं एक ‘बी’ म्हणजे खरं तर बियांचा झुबका असतो, एका जागी तीन-चार रोपं येतात. त्यातलं एक ठेवून बाकीची खुडून आमटीत घालावी. उन्हाळा तापला की पालक बसतो, तेव्हा लाल माठ उठतो. त्याचं बी वाळूत मिसळून फेकावं आणि वरून हातानं थोपटावं, महिन्या-सव्वा महिन्यात जुडी निघते. झुकिनीचं एकच रोप चौघांना पुरतं. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, घाबरून जाऊ नये, भजी करावी.

टोमॅटोवाचून परसबाग कुणाला पटत नाही, पण बियापासून त्याची सुरुवात ऑगस्टमध्ये घरात, उबेला करावी लागते. दिवाळीत रोप विकत आणणं शहाणपणाचं. सिडनीत सप्टेंबरअखेर लावता येतं. मेलबर्नमध्ये पिढ्यानपिढ्यांचा संकेत आहे की टोमॅटो मेलबर्न कपच्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी लावायचा. होबार्टचे लोक ऑक्टोबरातल्या जत्रेचा, शो डेचा मुहूर्त धरतात. हे मुहूर्त गारठा सरल्याच्या अनुभवातून आलेले आहेत, आपल्या मृगाच्या पेरणीइतकेच भरवशाचे. पहिल्या वर्षी मोठ्या फळाचा हव्यास नको. ‘टॉमी टो’सारखा लहान, घोसानं लागणारा वाण घ्यावा. सिडनी आणि उत्तर व्हिक्टोरियात फळमाशीचा त्रास असतो, लहान फळांच्या वाणांना तो कमी होतो.

कोथिंबिरीबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण सगळ्यांत जास्त हिरमोड तिच्यामुळे होतो. दिवाळीत पेरलेली कोथिंबीर नोव्हेंबर-डिसेंबरच्या उन्हात हातभर व्हायच्या आत फुलावर जाते. लोक पाणी कमी पडलं म्हणतात, बी वाईट म्हणतात. कोथिंबीर थंडीची आहे, एवढंच. सिडनी-मेलबर्नला ती मार्च ते ऑगस्ट पेरावी. पेरणीचा धणा हलकेच रगडून दोन भाग करावा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. हीच गोष्ट मेथीची आणि वाटाण्याची. आपल्या रब्बीचं सारं इथं एप्रिलपासून सुरू होतं.

भेंडी, वांगी, ढोबळी मिरची दुसऱ्या वर्षी. फ्लॉवर, गाजर आणि बियापासून कांदा तिसऱ्या वर्षी. गाजराचं बी दोन-तीन आठवडे एक दिवसही कोरडं पडू द्यायचं नसतं, ते नोकरदार माणसाला पहिल्याच झटक्यात जमत नाही.

शहरागणिक हे सगळं बदलतं. ब्रिस्बेनचं भाजीचं खरं वर्ष एप्रिल ते सप्टेंबर, आणि पावसाळी उन्हाळ्यात भेंडी, स्नेक बीन, माठ, रोझेला. तिथल्या मराठी माणसाला कोकणची सवय उपयोगी पडते. डार्विनला टोमॅटो मे ते सप्टेंबरच्या कोरड्या महिन्यांत. पर्थची वाळू पाणी धरतच नाही, वरून वाहून जातं. कंपोस्ट आणि चिकणमाती मिसळल्याशिवाय तिथं पुडी फोडूच नये.

मेलबर्नच्या पश्चिमेला मात्र थांबायला हवं, कारण टारनीट, पॉइंट कूक, वेरिबी या भागांत कितीतरी मराठी घरं आहेत. ही सारी पठारं ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, बेसॉल्टची. सह्याद्री आणि दख्खनही बेसॉल्टचेच. पाऊस पडला की बुटाला लोंबकळणारी आणि उन्हाळ्यात बोट जाईल अशी भेगाळणारी ती माती पाहून विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला घरची आठवण आल्याशिवाय राहत नाही. या पठारांवर एके काळी मुर्नोंग नावाचं पिवळ्या फुलांचं रोपटं पसरलेलं असे. त्याची कंदमुळं हे इथल्या मूळ रहिवाशांचं रोजचं अन्न होतं, स्त्रिया काठीनं ती खणत आणि खणता खणता जमीन भुसभुशीत करत. १८३० नंतर मेंढ्या आल्या. त्यांनी मुर्नोंग मुळासकट खाल्लं आणि खुरांनी माती दाबून टाकली. नव्या वसाहतींमध्ये तर बांधकामाच्या वेळी वरची माती खरवडूनच नेतात, खाली चिकण थर उरतो. अशा ठिकाणी जिप्सम, कंपोस्ट आणि उंच बांधीव वाफा यांना पर्याय नाही.

मातीवरून दोन सावधगिरीच्या गोष्टी. पिशवीतल्या पॉटिंग मिक्समध्ये लेजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू असू शकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यानं न्यूमोनियाची साथ आली आणि त्याचा माग पॉटिंग मिक्सपर्यंत लागला. पिशवीवर इशारा छापलेला असतो, पण वाचतो कोण. मोकळ्या हवेत, तोंड लांब ठेवून पिशवी फोडावी, मास्क आणि हातमोजे घालावे, माती आधी ओलसर करावी, नंतर हात धुवावेत. विशेषतः भारतातून आलेल्या साठीपुढच्या आजी-आजोबांनी हे पाळावंच. दुसरं, सिडनीच्या जुन्या, शहराच्या पोटातल्या उपनगरांत घरांच्या जुन्या रंगातलं आणि पेट्रोलच्या धुरातलं शिसं मातीत उतरलेलं असतं. मॅक्वारी विद्यापीठानं २०१३ साली व्हेजसेफ हा कार्यक्रम काढून लोकांच्या अंगणातली माती तपासून द्यायला सुरुवात केली, तेव्हा हे घरोघर कळू लागलं. जुनं घर असेल तर माती तपासल्याशिवाय पालेभाजी जमिनीत लावू नये.

जाळीचंही सांगून ठेवते. पोसम रात्रीत वाफा साफ करतो, पण तो संरक्षित प्राणी आहे. व्हिक्टोरियात सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं भोक ताणल्यावर पाच मिलिमीटरपेक्षा मोठं नको असा नियम आहे, म्हणजे वटवाघळं आणि पक्षी अडकत नाहीत. भाजीवरही तीच वापरावी.

बी जपण्याची गोष्ट निघाली की मला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवतात. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी बायफ या संस्थेच्या मदतीनं गावरान बियाण्यांची बँक उभी केली, वालाचेच कितीतरी प्रकार राखले. २०२० सालच्या पद्मश्रीनं त्यांचा गौरव झाला. ऑस्ट्रेलियात १९८६ साली मिशेल आणि ज्यूड फँटन यांनी सीड सेव्हर्स नेटवर्क सुरू केलं, तेही याच विचारानं. ज्या मातीत, ज्या पावसात पीक पिकलं, त्याच मातीसाठी त्याचं बी धरायचं. इटालियन आणि ग्रीक कुटुंबांनी मेलबर्नच्या परसांत आपले टोमॅटो आणि घेवडे असेच पिढ्यांमागून पिढ्या या हवेला सरावून घेतले. मराठी कुटुंबांनीही आता ते करायला हवं. आजीच्या अंगणातलं बी इथं येऊ शकत नाही, पण इथं विकत घेतलेल्या सरळ वाणाच्या फरसबीचं एक झाड वाळू दिलं, शेंगा खुळखुळायला लागल्यावर दाणे काढून, नाव-तारीख लिहून काचेच्या बाटलीत ठेवले, तर चार-पाच वर्षांत ते बी त्या अंगणाचं होतं. महाराष्ट्र मंडळांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी असं इथं पिकलेलं बी वाण म्हणून लुटावं, ही माझी मनापासूनची सूचना आहे. संक्रांत इथल्या ऐन उन्हाळ्यात येते, तेव्हा आदल्या शरदातली कोथिंबीर आणि मुळा यांचं बी वाळून हाताशी असतं.

तेव्हा यंदा पहिल्यांदा वाफा करणार असाल तर दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद एवढीच जागा घ्या, दोन्ही बाजूंनी हात पोचेल अशी. सिडनी-मेलबर्नकरांनी फरसबी, मुळा, सिल्व्हरबीट आणि झुकिनी अशा चारच पुड्या आणाव्या, सोबत टोमॅटोची दोन रोपं. ब्रिस्बेनकरांनी स्नेक बीन, माठ आणि भेंडी. कोथिंबिरीची पुडी घेतलीत तर तिच्यावर ‘मार्च’ लिहून कपाटात ठेवा. आणि आई-बाबा येणार असतील तर त्यांना तिकिटाबरोबरच सांगा, की बिया आणू नका, पेरणीला या.